ओळख शास्त्रज्ञांची : डॉ. पंचानन माहेश्वरी

आपण बंगनपल्ली किंवा हापूस खाऊन कोय अंगणात पुरली, तर पावसाळ्यात तिच्यातून एकच रोप येते. पण पश्चिम किनाऱ्यावरील काही आंब्यांच्या एका कोयीतून तीन-चार रोपे येतात. फळाच्या आत हे कसे घडते, याचा ज्यांनी अभ्यास केला त्यांत डॉ. पंचानन माहेश्वरी यांचे नाव मोठे आहे.

त्यांचा जन्म १९०४ साली जयपूरला झाला. अलाहाबादला अमेरिकन प्राध्यापक डजन हे त्यांचे गुरू. गुरुदक्षिणा काय देऊ असे विचारल्यावर, आपल्या विद्यार्थ्यांसाठी असेच झटावे, एवढेच गुरूंनी मागितले असे सांगतात. आग्रा, ढाका आणि १९४९ पासून दिल्ली विद्यापीठात त्यांनी ते ऋण फेडले.

परागकणामुळे फलन झाले की बीजांडात गर्भ तयार होतो. त्यात आई-बाप दोन्ही झाडांचे गुण असतात. मात्र अशा कोयीत बीजांडातील आईच्या पेशींपासूनही गर्भ वाढतात, आणि ती रोपे थेट आईच्या वळणावर जातात! लिंबूवर्गीय फळे आणि आंब्याचे असे गर्भ काचेच्या नळीत वाढवण्याचे काम माहेश्वरींनी रंगास्वामी या सहकाऱ्याबरोबर १९५८ मध्ये प्रसिद्ध केले.

एन.सी.ई.आर.टी.चे उच्च माध्यमिक शाळांसाठीचे पहिले जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक १९६४ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली निघाले. शिक्षक म्हणून मला हे काम १९६५ मध्ये मिळालेल्या रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाइतकेच मोठे वाटते. पुढच्याच वर्षी १८ मे रोजी, ऐन आंब्याच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले.