पॉल माजेस

पॉल माजेस (इ.स. १९०८ – इ.स. १९९९) हे फ्रेंच मोटार-तंत्रज्ञ व संशोधक होते. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीत त्यांनी तेल व वायू यांच्या साहाय्याने चालणारी, गाडीची जमिनीपासूनची उंची आपोआप राखणारी सस्पेन्शनपद्धती विकसित केली. ती हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन या नावाने ओळखली जाते. अभियांत्रिकीची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

== प्रारंभीचे जीवन ==

माजेस इ.स. १९२५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सिट्रोएनमध्ये नोकरीस लागले. पुढील शिक्षण त्यांनी काम करता करता स्वतःच घेतले. इ.स. १९३४ च्या अखेरीस कंपनी कर्जबाजारी होऊन मिशेलँ या टायर बनविणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि पुढील वर्षी संस्थापक आंद्रे सिट्रोएन यांचे निधन झाले. काही वर्षांनी कंपनीची सूत्रे पिएर-ज्यूल बुलांजे यांच्याकडे आली. रूढ शिक्षणाच्या चाकोरीत न अडकलेल्या माणसांवर त्यांचा विश्वास होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सस्पेन्शनचा प्रश्न माजेस यांच्याकडे सोपविला.

== प्रश्नाचे स्वरूप ==

बुलांजे यांना शेतकऱ्यांसाठी एक हलकी व स्वस्त मोटार हवी होती. पुढे ती २ सीव्ही या नावाने बाजारात आली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये, ही तिच्याविषयीची अपेक्षा प्रसिद्ध आहे. अपेक्षा गमतीची वाटली तरी तिच्यामागची अडचण खरी होती. पाचशे-सहाशे किलो वजनाच्या मोटारीत चार माणसे आणि बटाट्याचे पोते ठेवले की गाडीच्या निम्म्याहून अधिक वजन नव्याने चढते. स्प्रिंग मऊ ठेवावी तर भरलेली गाडी जमिनीला टेकते, कडक ठेवावी तर रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यांतून उसळते. लोखंडी पाटे काय किंवा गुंडाळीची स्प्रिंग काय, हा पेच दोन्हींतून सुटत नाही.

वायूची स्प्रिंग जितकी दाबावी तितकी कडक होते, म्हणजे वाढत्या भाराला ती आपणहून तोंड देते, हे माजेस यांनी हेरले. परंतु तेवढ्याने उंची पूर्ववत होत नाही. वायूने मऊपणा द्यावा आणि खचलेली उंची तेल भरून काढावी, अशी कामाची विभागणी हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होय. २ सीव्हीला अखेर साध्या स्प्रिंगाच मिळाल्या. माजेस यांची कल्पना मात्र मोठ्या मोटारीच्या वाट्याला आली. बुलांजे इ.स. १९५० मध्ये मोटार अपघातात मरण पावले, त्यामुळे तिचे यश त्यांना पाहता आले नाही.

== रचना ==

प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूस नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूस तेल असते. चाक वर उचलले गेले की पिस्टन तेलाला ढकलतो आणि तेल वायूला दाबते. गोळ्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रांतून तेलाला जावे लागत असल्याने हेलकावेही तेथेच शमतात, म्हणून वेगळा शॉक अब्सॉर्बर लागत नाही. इंजिनवर चालणारा पंप तेलाचा दाब निर्माण करतो व तो एका संचयक गोळ्यात साठविला जातो.

उंची राखण्याचे काम उंची-नियामक नावाची झडप करते. ती एका बारीक सळईने चाकांच्या यंत्रणेशी जोडलेली असते. गाडी खचली की झडप तेल आत सोडते, उचलली गेली की तेल टाकीत परत पाठविते आणि योग्य उंचीवर दोन्ही वाटा बंद ठेवते. प्रत्येक खड्ड्यावर तिने धावपळ करू नये म्हणून तिच्या हालचालीला मुद्दाम विलंब ठेवलेला असतो. ही युक्ती बाहेरून दिसत नाही, पण तिच्यावाचून सारी यंत्रणा निरुपयोगी ठरली असती.

इ.स. १९५४ मध्ये ट्रॅक्शन आव्हाँ मालिकेतील सहा सिलिंडरांच्या मोटारीच्या मागील चाकांवर ही पद्धती प्रथम बसविली गेली. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या डीएस या मोटारीत ती चारही चाकांवर आली. त्याच दाबावर सुकाणू, ब्रेक व गिअरही चालत होते. पहिल्या दिवसअखेर सुमारे १२,००० मोटारींची मागणी नोंदली गेली.

== दोष आणि निदान ==

मागणी झाली, परंतु गाडी दुरुस्त करणारे हात तयार नव्हते. पहिल्या काही वर्षांत तेलगळतीच्या तक्रारी बऱ्याच आल्या. गाडी खचली की पाटा मोडला, ही मेकॅनिकची पिढीजात समजूत येथे लागू पडत नव्हती. माजेस यांच्या रचनेत उंची आणि मऊपणा ही दोन स्वतंत्र खाती आहेत. गोळ्यातील नायट्रोजन वर्षानुवर्षे रबरी पडद्यातून हळूहळू निसटतो आणि गाडी दगडासारखी कडक होते. तरीही नियामक तेल भरीत राहत असल्याने ती अगदी योग्य उंचीवर उभी दिसते. उलट, नियामकाची सळई गंजून अडकली तर चारही गोळे उत्तम असूनही गाडी वाकडी किंवा खाली बसलेली राहते. जो केवळ डोळ्यांनी पाहतो तो पहिल्या गाडीला निरोगी आणि दुसरीला गोळ्यांची रोगी ठरवितो.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरला. आधी गाडी सर्वांत उंच स्थितीत नेऊन टाकीतील तेलाची पातळी व गाळणी पाहावयाची. नंतर पंपाच्या दाब-नियंत्रकाचा टकटक आवाज ऐकावयाचा. गाडी स्थिर उभी असताना हा आवाज थोड्याथोड्या सेकंदांनी येत असेल तर संचयक गोळ्यातील वायू गेलेला असतो किंवा यंत्रणेत आतल्या आत गळती असते. त्यानंतर गाडीचे कोपरे हाताने दाबून मऊपणा पाहावयाचा आणि शेवटी उंचीचे दुवे तपासावयाचे. कोणताही जोड उघडण्यापूर्वी दाब सोडून देणे आवश्यक असते. केवळ सस्पेन्शनच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते, कारण दाब जाताच गाडी खाली बसते. इंजिन बंद केल्यावर काही काळाने डीएस हळूहळू खाली बसत असे. तो मात्र दोष नव्हता.

== द्रवाचा प्रश्न ==

या पद्धतीची खरी कसोटी तेलानेच पाहिली. सुरुवातीचे लाल रंगाचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेत असत. त्या पाण्याने अतिशय काटेकोर मापाचे भाग आतून गंजत आणि गळती सुरू होई. भाग बदलून आजार बरा होण्यासारखा नव्हता, कारण कारण द्रवातच होते. इ.स. १९६६ पासून कंपनीने हिरव्या रंगाचे खनिज तेल वापरात आणले. ते ओलावा शोषत नाही. दोन द्रवांना लागणारे रबर मात्र भिन्न असल्याने एकात दुसरे ओतले तर सील खराब होतात. चूक टळावी म्हणून नव्या यंत्रणेचे भाग हिरव्या रंगाने रंगविले गेले. अमेरिकेत तेथील नियमांमुळे हा बदल इ.स. १९६९ मध्ये झाला. डीएसची विश्वासार्हता या एका बदलाने जितकी वाढली तितकी इतर कोणत्याही सुधारणेने वाढली नसावी.

== खडतर वाटा ==

चालकाजवळच्या दांड्याने गाडीची उंची वाढविता येत असल्याने खराब रस्त्यांवर डीएसचा उपयोग होई. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटले असतानाही गाडी निसटली. याचे सारे श्रेय सस्पेन्शनला दिले जाते. पुढील चाकांची ओढ आणि चालकाचे कौशल्य यांचा वाटाही त्यात मानला पाहिजे. इ.स. १९६८ च्या लंडन–सिडनी शर्यतीत मोटारी खुष्कीच्या मार्गाने मुंबईपर्यंत आल्या व तेथून जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या. त्या शर्यतीत ल्युसियाँ बियांकी व झाँ-क्लोद ओझिए यांची डीएस शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असताना समोरून आलेल्या मोटारीशी धडक होऊन बाद झाली.

डोंगरदऱ्यांत चालणाऱ्या गाड्यांनी वेगळी वाट धरली. इ.स. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला मागील आसावर उंची राखणारा स्वतंत्र दांडा होता. इ.स. १९९२ मध्ये तिला विद्युत-नियंत्रित हवेचे सस्पेन्शन मिळाले. त्यात उंची वाढविण्यासाठी रबरी फुग्यांत कॉम्प्रेसरने अधिक हवा भरली जाते. माजेस यांच्या रचनेत वायू बंदिस्त राहतो आणि फक्त तेलाचे प्रमाण बदलते. म्हणून दोहोंतील दोषही निराळे दिसतात. हवेचा फुगा किंवा नळी गळत असेल तर गाडी रात्रभरात एका कोपऱ्यावर खाली येते, जमिनीवर डाग पडत नाही आणि साबणाच्या पाण्याने भोक शोधावे लागते. गळती दुर्लक्षिली तर सतत चालून कॉम्प्रेसर जळतो, आणि नवा कॉम्प्रेसर बसविणाऱ्याला मूळ दोष सापडलेलाच नसतो. उंची मोजणारा दुवा, विलंब ठेवून घेतलेला निर्णय, भरणे आणि सोडणे हा क्रम मात्र दोन्हींत सारखाच आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने इ.स. १९५८ च्या सुमारास हवेचे सस्पेन्शन आणले होते, परंतु गळतीला कंटाळून अनेक मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. माजेस यांची पद्धती त्याच काळात टिकून राहिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

== उत्तरकाळ ==

इ.स. १९६५ च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये उंची राखण्यासाठी सिट्रोएनच्या परवान्याने हीच पद्धती वापरली गेली. इ.स. १९७० च्या एसएम मोटारीतील दिरावी हे सुकाणूही माजेस यांच्या कामाचे फलित होते. वेग वाढेल तसे ते जड होई आणि हात सोडताच चाके सरळ करी. त्याच वर्षी आलेल्या जीएसने ही पद्धती मध्यमवर्गीय मोटारीत आणली. डीएसचे उत्पादन इ.स. १९७५ मध्ये थांबले, तोवर साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या होत्या. फ्रान्सच्या लक्लेर व भारताच्या अर्जुन या रणगाड्यांतही तेल-वायूच्या सस्पेन्शनचे तत्त्व वापरलेले आहे.

माजेस यांचे इ.स. १९९९ मध्ये निधन झाले. सिट्रोएनने या पद्धतीची शेवटची मोटार, सी५, इ.स. २०१७ मध्ये बंद केली.