दिसत नव्हतं, तरी शंभराहून जास्त ग्रंथ रचले! गुलाबराव महाराज आणि मोबाइलमधलं एक बंद बटण

मलकापूरच्या बाजारातून आज एखाद्या दृष्टिहीन तरुणाने नवा मोबाइल घेतला, तर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय त्यात आधीच असते. फक्त ती बंद असते. चालू करायचा पर्याय सेटिंगमध्ये, आणि सेटिंग शोधायला डोळे हवेत! मग पहिल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. म्हणूनच अशा सोयी सुरुवातीपासून चालूच द्याव्यात का, यावर वाद होतो.

ही दुसऱ्याला हाक मारायची वेळ याच वऱ्हाडातल्या एका विद्वानावर आयुष्यभर आली होती. त्यांचं नाव गुलाबराव गोंदुजी मोहोड, म्हणजेच प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज.

जन्म ६ जुलै १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचा. घर माधानचं. वर्षाचे व्हायच्या आतच त्यांची दृष्टी गेली. चार वर्षांचे असताना आई गेली आणि आजीने त्यांना सांभाळलं.

मुलाची स्मरणशक्ती मात्र अफाट होती. कुणी पुस्तक वाचून दाखवलं की ते डोक्यात पक्कं बसायचं. वेदान्त, व्याकरण, आयुर्वेद, संगीत असं सगळं त्यांनी कानांनी मिळवलं. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांचाही त्यांनी समाचार घेतला. नावंग नावाची स्वतंत्र भाषाही रचली. ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचे. असे शंभराहून जास्त ग्रंथ तयार झाले. २० सप्टेंबर १९१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा वय होतं फक्त ३४!

लुई ब्रेल यांची ठिपक्यांची लिपी महाराजांच्या जन्माआधीच फ्रान्समध्ये तयार होती. पण भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ उजाडलं. तोवर वाचणारा आणि लिहिणारा माणूस जवळ असेल, तरच त्यांचं काम पुढे सरकायचं.

आज वाचणारा खिशातच आहे. मग तो सगळ्यांसाठी चालूच ठेवायचा का? तसं केलं तर डोळस माणूस गोंधळेल, कारण ही सोय चालू असताना एका टॅपला फोन फक्त बोलतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. उपाय मधला आहे. आवाज बंद असला तरी चालेल, पण तो चालू करायची वाट न बघता सापडायला हवी. आयफोन पहिल्यांदा सुरू करताना बाजूचं बटण तीनदा दाबलं की तो बोलू लागतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरायची. मॅक कॉम्प्युटर तर सुरुवातीला थोडा वेळ हात लावला नाही, तर स्वतःच बोलून विचारतो.

अडचण एवढीच, की ही बटणं फार थोड्यांना माहीत आहेत. मलकापूरच्या दुकानदाराने फोन देतानाच ती दाखवली, तर त्या तरुणाला घरी जाऊन कुणाला हाक मारावी लागणार नाही.