निकेलचे गुण ओळखणारे पॉल साबात्ये

लग्नाच्या दावतीत देगेमध्ये पडणारे वनस्पती तूप मुळात पातळ तेल असते. निकेलच्या बारीक भुकटीच्या सान्निध्यात तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडविला की ते घट्ट होते. निकेल मात्र खर्ची पडत नाही. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. या विद्येचा पाया घालणारे पॉल साबात्ये यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कारकासोन गावी झाला. पॅरिसमध्ये शिकून १८८० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १८८२ मध्ये ते तुलूझ येथे अध्यापक झाले.

१८९७ साली सांदरांस या धर्मगुरू सहकाऱ्यासह त्यांनी तापलेल्या निकेलवरून एथिलीन व हायड्रोजन सोडले, तेव्हा एथेन तयार झाला. पुढे १९०१ मध्ये बेंझिनचेही सायक्लोहेक्झेन झाले. बेंझिनमध्ये गंधकयुक्त थायोफिनचा अंश असला, तर मात्र निकेल निकामी होई. गंधक निकेलला विषासारखा बाधतो, हे त्यांनी दाखविले.

या विषाची पुढची कथा मोठी मौजेची आहे. उघडा धातू अधाशी असतो. समोर आलेल्या रेणूत हायड्रोजन भरत सुटतो. १९५२ साली बाझल येथील लिंडलर यांनी पॅलेडियम धातूला शिसे व क्विनोलिन यांची बेताची मात्रा दिली. धातूच्या काही जागा अडल्या. तिहेरी बंधाचा रेणू पृष्ठभागाला घट्ट धरतो, म्हणून त्याला जागा मिळे. दुहेरी बंधाचा रेणू तयार होताच बाहेर ढकलला जाई. क्रिया हवी तिथे थांबू लागली. जीवनसत्त्व 'अ' तयार करताना नेमके हेच हवे होते. आज धातूवर निवडक सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड, बसवून हीच निवड अधिक काटेकोरपणे साधली जाते.

क्रांती चौकात उभे राहून मुंबई-पुण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या पालकांनी साबात्येंची एक गोष्ट जरूर ध्यानी घ्यावी. १९०७ साली पॅरिसहून मानाच्या जागेचे बोलावणे आले असता त्यांनी ते नाकारले. १८९८ मध्ये पत्नीचे निधन झाले होते, चार मुली होत्या. तरी तुलूझची प्रयोगशाळा चालूच राहिली. १९१२ चे नोबेल पारितोषिक ग्रिन्यार यांच्यासमवेत त्यांना मिळाले ते तिथल्याच कामासाठी. विज्ञान अकादमीत पॅरिसवासीच सभासद होत असत. १९१३ मध्ये बाहेरगावच्या सभासदांसाठी नवा वर्ग निर्माण झाला आणि त्यात पहिली निवड साबात्येंची झाली.

निवृत्तीनंतरही ते व्याख्याने देत राहिले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझमध्येच त्यांचे निधन झाले.