गाडीच्या इंजिनात एरंडेल? 'कॅस्ट्रॉल'वाल्या चार्ल्स वेकफिल्ड यांची गोष्ट

लहानपणी नाक दाबून प्यावं लागणारं एरंडेल गाडीच्या इंजिनातही जायचं, हे खरं वाटेल का? 'कॅस्ट्रॉल' हे नाव मुळात कॅस्टर ऑइल, म्हणजे एरंडेलावरूनच पडलंय.

१८५९ साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेले चार्ल्स वेकफिल्ड व्हॅक्युम ऑइल या अमेरिकन कंपनीत नोकरीला होते. १८९९ मध्ये, चाळिशीला टेकलेले असताना, ती सोडून त्यांनी लंडनमध्ये स्वतःची कंपनी काढली. गिऱ्हाईक होतं रेल्वे आणि अवजड यंत्रं. मग मोटारी आणि विमानं आली आणि पंचाईत झाली. थंड इंजिन सुरू होताना तेल पातळ हवं, नाहीतर ते वेळेत सगळीकडे पोचत नाही. पण इंजिन तापल्यावर तेच तेल फार पातळ झालं, तर धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम. आज डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, ते यासाठीच. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला.

वेकफिल्ड यांच्या कंपनीने तेलात एरंडेल मिसळून पाहिलं. १९०९ मध्ये 'कॅस्ट्रॉल' आलं.

ते खपवण्यासाठी वेकफिल्ड यांनी शर्यती आणि विक्रमी उड्डाणांवर पैसा लावला. १९३० मध्ये एमी जॉन्सन एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली, वाटेत झाशीलाही उतरली. तिच्या सेकंडहँड विमानासाठी वडिलांसोबत वेकफिल्ड यांनीही पैसे दिले होते. जाहिरात की दानत? बहुधा दोन्ही.

१९४१ मध्ये ते वारले. १९६० साली कंपनीच्या पाटीवरून त्यांचं नाव गेलं आणि तेलाचं आलं.