पाणबुड्यांचा पोशाखकर्ता : ऑगस्टस सीबे

आपल्या पाथर्डी तालुक्यात पाणी म्हणजे विहीर, आणि तीही उन्हाळ्यात तळ दाखविणारी. आडात पडलेली बादली गळाने काढायची, एवढाच आपला खोल पाण्याशी संबंध! त्यामुळे समुद्राच्या तळाशी राबणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी वाहणारा ऑगस्टस सीबे आपल्याला परका वाटणे साहजिक आहे.

सीबेचा जन्म १७८८ साली जर्मनीतील सॅक्सनीत झाला. प्रशियाच्या तोफखान्यात त्याने नोकरी केली. नेपोलियनविरुद्धची युद्धे संपल्यावर तो लंडनला आला आणि कुशल यंत्रकारागीर म्हणून त्याने तेथे जम बसविला.

चार्ल्स डीन या इंग्रजाने १८२३ साली धुरात शिरण्यासाठी एका टोपाचे पेटंट घेतले होते. त्यावरून पाण्याखालचा टोप करण्याची कल्पना निघाली व तो घडविण्याचे काम सीबेकडे आले. हा टोप खालून उघडा होता. वरून पंपाने सोडलेली हवा कडेने निघून जाई. माणूस ताठ उभा असेतो ठीक. वाकला वा पडला की पाणी आत! सीबेने १८३७ च्या सुमारास टोप जलाभेद्य पोशाखाला घट्ट जोडला व हवा बाहेर जाण्यास झडप ठेवली.

१७८२ साली पोर्टस्मथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम १८३९ साली कर्नल पास्लीने हाती घेतले. त्याने निरनिराळे पोशाख वापरून पाहिले आणि सीबेचाच पसंत केला. मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे हाच नमुना प्रमाण पोशाख ठरला. तांब्याचा टोप, शिशाच्या तळाचे जोडे, हवेची नळी, इशाऱ्याची दोरी, सारे ठरलेले. वरच्या मदतनीसाला प्रत्येक माणसाची नवी तऱ्हा शिकावी लागत नसे. आजही खोल गुहांत उतरणारे पाणबुडे साऱ्यांची साधने एकाच रीतीने बांधतात. अंधारात सोबत्याची नळी चाचपडत बसायला वेळ नसतो.

धोका मात्र पुरता टळला नव्हता. त्याच कामात एका सैनिकाची नळी फुटली व तो जबर जखमी झाला. अनेकांचे सांधे दुखत. सावकाश, टप्प्याटप्प्याने वर यावे, हे हाल्डेनने १९०८ साली कोष्टकांसह मांडले, तेव्हा सीबेला जाऊन ३६ वर्षे झाली होती. १८७२ साली तो लंडनमध्ये वारला. त्याच्या मुलाने व जावयाने कारखाना पुढे चालविला आणि ‘सीबे गोर्मन’ हे नाव टोपांवर विसाव्या शतकातही उमटत राहिले.