वरोऱ्याची पडीक जमीन आणि बाबा आमटे



जानेवारी महिन्यातील शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. ही प्रथा १९५४ साली सुरू झाली ती राऊल फोलेरो नावाच्या एका फ्रेंच कॅथलिक प्रापंचिकामुळे. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशात ॲड्झोपे येथे धर्मभगिनींनी जंगलात कुष्ठरुग्णांसाठी गाव वसवायला घेतले होते. रुग्णांना कुठेतरी दूर डांबून न ठेवता त्यांना स्वतःच्या घरात, झाडांच्या सावलीत राहता यावे, असा त्या भगिनींचा विचार होता. त्या गावासाठी पैसा उभा करावा म्हणून फोलेरो गावोगाव व्याख्याने देत हिंडले. आपल्या देशात हा दिवस महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, म्हणजे ३० जानेवारीला पाळतात. आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, बाबा आमटे यांचा स्मृतिदिन येतो.

आफ्रिकेतल्या जंगलात ते गाव उभे राहत होते त्याच सुमारास आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला तसेच एक गाव आकार घेऊ लागले होते. त्याच्यामागे ना कोणती धर्मसंस्था होती, ना परदेशातील देणगीदार. बाबा ख्रिस्ती नव्हते, पूजाअर्चेतही रमणारे नव्हते. तरीही त्यांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जावे असे आम्हाला वाटते.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वडील सरकारी अधिकारी, घरी जमीनदारी. बाबा हे त्यांचे घरातले लाडाचे नाव, पुढे तेच साऱ्या देशाने उचलले. तरुणपणी या मुलाकडे बंदूक होती, शिकारीचा षोक होता आणि स्वतःची मोटारही होती. इंग्रजी सिनेमांचे वेड तर इतके की, सिनेमाच्या नियतकालिकात ते परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बोसारख्या नटीशी त्यांचा पत्रव्यवहार असे. जंगलावर बंदूक रोखून फिरणारा हा तरुण उतारवयात जंगल वाचवण्यासाठी उभा राहील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१९३६ साली वकिलीची परीक्षा पास होऊन त्यांनी वरोऱ्याला वकिली चालवली. वकिली चांगली चालली, पण मन लागेना. वरोरा नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. त्या काळी मैला डोक्यावरून वाहून नेला जाई. सफाई कामगारांचे दुःख बाहेरून बोलून कळत नाही म्हणून बाबांनी नऊ महिने स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. कोर्टात काळा कोट घालणारा माणूस पहाटे मैला वाहतो, हे पाहून गावाला काय वाटले असेल याची कल्पना करावी! दरम्यान रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकट्याने भिडले होते. ही हकीकत गांधीजींच्या कानी गेली आणि त्यांनी बाबांना अभयसाधक म्हटले. १९४६ च्या डिसेंबरात नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे साधनाताई झाल्या. साधनाताई नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते, हे आम्ही आताच सांगून ठेवतो. चरित्रे लिहिताना अशा बायकांची नावे नेहमी दोन ओळींत उरकली जातात.

मग एके दिवशी पावसात, रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. कुष्ठरोगाने बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले, प्राण तेवढा शिल्लक. त्याला पाहून बाबा घाबरले आणि चक्क पळाले. सोजिरांना न भ्यालेला माणूस एका मरणाऱ्या माणसाला भ्याला! हे बाबांनी कधी लपवून ठेवले नाही आणि आम्हाला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ते परत फिरले, तुळशीरामावर बांबूचा आडोसा उभारला आणि तो जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पण एकदा मनात शिरलेले भय त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४९ साली ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास गेले. तेथे लस शोधण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. प्रयोग फसला, बाबांना रोग काही झाला नाही. त्याच वर्षी महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

आता जमिनीची गोष्ट. वरोऱ्याला १८७१ पासून कोळशाची खाण होती, ती १९०६ साली बंद पडली. हा सगळा मुलूख जमिनीच्या पोटातून काढून घेण्यासाठीच प्रसिद्ध. शेतकऱ्याने डोळे भरून पाहावे असे गावाबाहेरच्या माळात काही नव्हते. सरकारने समितीला जी ५० एकर जमीन दिली ती अशीच खडकाळ, काटेरी झुडपांची, साप-विंचवांची. रात्री जंगली जनावरे येत. कोणालाही नको असलेली जमीन आणि कोणालाही नको असलेली माणसे एकत्र आणली गेली, असेच म्हणावे लागेल. २१ जून १९५१ रोजी विनोबा भावे यांच्या हस्ते तेथे आनंदवनाची सुरुवात झाली. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये, एवढी सामग्री. सोबत साधनाताई आणि त्यांची विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले.

पहिले काम विहिरीचे. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा मरतात, बोटांना संवेदना राहत नाही. कुदळीचा दांडा हाताला सोलून काढतो तरी त्या माणसाला कळत नाही. काटा रुतला, चटका बसला तरी पाय मागे घेतला जात नाही. त्यामुळे जखमा होतात, चिघळतात आणि बोटे जातात. अशा हातांनी खडक फोडायचा! दिवसभर खोदायचे आणि संध्याकाळी साधनाताईंच्या देखरेखीखाली एकमेकांचे हातपाय तपासून पट्ट्या बांधायच्या. पाणी लागेपर्यंत हे चालले. पाणी लागल्यावर झुडपे काढली, दगड वेचले, वेचलेल्या दगडांचे बांध घातले, म्हणजे पावसाने माती वाहून जाऊ नये. मग भाजी लावली, ज्वारी पेरली, झाडे लावली.

भाजी भरपूर आली. ती विकायला वरोऱ्याच्या बाजारात नेली, तर कोणी हात लावेना. महारोग्यांनी पिकवलेले वांगे आपल्या घरात शिजायला नको! पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतील तरुण आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी रुग्णांबरोबर दवाखान्याच्या इमारती बांधल्या आणि तिथलेच अन्न खाल्ले. गोरी पोरे खातात आणि त्यांना काही होत नाही हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. आपल्या माणसांवर विश्वास बसायला परदेशी साक्षीदार लागले, याचे थोडे वाईट वाटते. पण भाजी खपू लागली आणि भीक मागून जगलेल्या माणसांच्या हाती स्वतःच्या घामाचा पैसा आला.

बाबांना भीक आणि दया दोन्ही नको होती. दानाने माणूस नष्ट होतो आणि कामाने तो उभा राहतो, या विचारावर त्यांनी सगळी वसाहत उभारली. आम्हाला येथे मोलोकाई बेटावरील संत डेमियन यांची आठवण होते. १८७३ साली ते त्या बेटावर गेले, तेव्हा त्यांनी रुग्णांना साक्रामेंते दिलीच, पण त्याबरोबर पिण्याच्या पाण्याचे नळ आणवले, घरे बांधली आणि शेते केली. १८८९ साली त्याच रोगाने ते मरण पावले. त्यांच्या नावाने दिला जाणारा डेमियन-डटन पुरस्कार १९८३ साली बाबांना मिळाला. बाबांच्या पुरस्कारांची यादी फार मोठी आहे. मॅगसेसे, टेम्पल्टन, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार, गांधी शांतता पुरस्कार ही त्यांतली काही नावे. पण हे एक नाव आपल्या वाचकांना जवळचे वाटेल.

पुढे आनंदवन वाढले. नवीन औषधांनी रुग्ण बरे होऊ लागले, मात्र बरे झालेल्यांनाही घरचे लोक परत घेत नसत, म्हणून तेथेच घरे, लग्ने, संसार झाले. अंधांची शाळा निघाली, महाविद्यालय निघाले, मूल तालुक्यात सोमनाथ येथे नवी वसाहत झाली. ५० एकरांची जमीन साडेचारशेच्या आसपास गेली. उजाड माळाचे नाव खरोखर वन ठरले.

डिसेंबर १९७३ मध्ये बाबांनी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांनी तो चालवला. हा भाग पुढे १९८२ साली झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गेला. साग, मोह, तेंदू, बांबू यांचे हे जंगल. माडिया माणसाचे मीठ सोडले तर बाकी सगळे त्यातूनच येते. मोहाची फुले, तेंदूची पाने, डिंक, कंद, मासळी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या मुलखात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. गोदावरी आणि इंद्रावतीचे पाणी अडले असते आणि जंगलासह आदिवासींची गावे बुडाली असती. बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले, जंगल बचाओ, मानव बचाओ ही मोहीम उभी केली. दोन्ही धरणे झाली नाहीत.

आम्हाला वाटते, बाबांच्या आयुष्याचा धागा येथे नीट दिसतो. ज्याने पडीक जमिनीत पाणी शोधायला इतके कष्ट घेतले, त्याला हिरवे जंगल बुडवण्याची कल्पना सहन होणे शक्यच नव्हते. शिवाय बुडणार कोण, तर पुन्हा तेच, ज्यांची कोणाला पर्वा नाही. आफ्रिकेत केनियामध्ये वांगारी माथाई यांनी १९७७ साली गरीब बायकांना हाताशी धरून झाडे लावण्याचे काम सुरू केले, त्यामागेही हाच विचार होता. लोरेटो भगिनींच्या शाळेत शिकलेल्या या बाईंना २००४ साली शांततेचे नोबेल मिळाले. जंगल तुटले की, सरपणासाठी आणि पाण्यासाठी मैलोन् मैल चालावे लागते ते गरिबाघरच्या बाईला. हे त्यांनीही पाहिले होते.

बाबांची पुढची लढाई मात्र जिंकली गेली नाही. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. अशा शरीराने १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी शंभराहून अधिक तरुणांना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा काढली. आणि १९९० साली, वयाच्या पंचाहत्तरीत, हाताने उभे केलेले आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी राहायला गेले. साधनाताई सोबत होत्याच. सरदार सरोवर धरणात जी गावे बुडणार होती, त्यांच्या बाजूने ते दहा वर्षे तेथे राहिले. १९९१ साली त्यांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही किताब सरकारला परत केले. धरणाला पाण्याची, विजेची गरज असलेल्यांचा पाठिंबा होता आणि गुजरातेत बाबांवर कडक टीका झाली. तहानलेल्या गावांचा प्रश्नही खराच होता, हे नाकारता येणार नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने धरणाच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ साली ते पूर्ण होऊन राष्ट्राला अर्पण झाले. थकलेले बाबा वरोऱ्याला परतले.

कुष्ठरोगाबाबत सांगायचे तर, २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरी चंद्रपूर, गडचिरोलीत अजूनही नवे रुग्ण सापडतात. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यांतून काढली गेली ती थेट २०१९ साली! औषध लवकर आले, मन बदलायला वेळ लागला.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात रक्ताच्या कर्करोगाने बाबांचे निधन झाले. हिंदू रिवाजाप्रमाणे त्यांचे दहन झाले नाही. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना मातीत पुरण्यात आले. चितेला लाकूड लागते, तर पुरलेला देह मातीला उपयोगी पडतो. वांगारी माथाई यांनीही आपल्या शवपेटीसाठी झाड तोडू नये असे सांगून ठेवले होते. २०११ साली त्या वारल्या, तेव्हा बांबू, पपायरस आणि जलपर्णीची पेटी विणून त्यांना निरोप देण्यात आला. त्याच वर्षी ९ जुलैला साधनाताई गेल्या. त्यांनाही आनंदवनाच्या मातीतच ठेवले आहे.