वालचंद हिराचंद : भारतात गाडी बनवायचीच, असं ठरवून इंग्रज सरकारशी भिडलेला सोलापूरचा माणूस

डोंबिवलीत प्रीमिअर ग्राउंड म्हटलं की आजच्या पोरांना सभा आणि मोठे कार्यक्रम आठवतात. पण हे नाव आलं कुठून, हे विचारलं तर बरेच जण गडबडतात. प्रीमिअर म्हणजे प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी पळवणारी कंपनी. तिचा एक कारखाना कुर्ल्यात आणि दुसरा इथे, कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात. नव्वदच्या दशकात 'प्युजो ३०९' नावाची फ्रेंच गाडी याच पट्ट्यात तयार व्हायची.

ही कंपनी काढणारा माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. डोंबिवलीतून निघालेली एकही गाडी त्यांनी पाहिली नाही, कारण ते १९५३ मध्येच गेले. पण भारतात गाडी फक्त जोडायची नाही तर बनवायची, हा हट्ट त्यांचा.

आता जोडणं आणि बनवणं यात एवढा काय फरक?

गाड्यांचा नाद असलेल्या कुणालाही विचारा. ठाण्या-डोंबिवलीत एखादा गडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतो आणि तिला मोठा टर्बो बसवायचं ठरवतो. टर्बोचं काम साधं असतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं.

पण नुसता टर्बो बदलून भागत नाही. हवा वाढली तर पेट्रोलही वाढायला हवं, म्हणून इंजेक्टर आणि फ्युएल पंप मोठे लागतात. दाबलेली हवा तापते, तिला थंड करायला इंटरकूलर लागतो. ईसीयूचं ट्यूनिंग बदलावं लागतं. वाढलेली ताकद जुना क्लच पेलत नाही, तो घसरायला लागतो. आणि गाडी जोरात पळणार म्हणजे ब्रेकही तसेच हवेत. यातलं काहीच न करता कुणी फक्त टर्बो ठोकला, तर पिस्टन वितळून इंजिन बसतं. खर्च टर्बोचा कमी आणि सपोर्टिंग पार्ट्सचा जास्त, असा हा मामला आहे.

वालचंद यांचं निम्मं आयुष्य याच सपोर्टिंग पार्ट्सच्या भांडणात गेलं. फक्त त्यांच्या बाबतीत ते पार्ट्स म्हणजे परवानगी, परदेशी चलन, सरकारी ऑर्डर आणि देशी कारखाने होते.

सोलापूर ते तानसा

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. मूळचं गुजराती जैन कुटुंब, आडनाव दोशी. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज झालं, पण शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या धंद्यात आले. तिथेही त्यांचं मन रमेना.

मग त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल आणि हिंमत होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं येडशी ते तडवळे या टप्प्याचं काम घेतलं. तिथून रेल्वे कंत्राटदार वालचंद सुरू झाले.

१९२० मध्ये हा धंदा टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत गेला आणि १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे आजची एचसीसी, उभी राहिली. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाटातले बोगदे वालचंद यांच्या कंपन्यांनी खोदले. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणाऱ्या पाइपलाइनचं कामही त्यांनी केलं. म्हणजे प्रीमिअरच्या कितीतरी आधी ठाणे जिल्ह्यात वालचंद यांचं काम पोचलं होतं.

जहाज होतं, पण मार्ग नव्हता

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताचा सागरी व्यापार इंग्रज कंपन्यांच्या ताब्यात होता. वालचंद यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं 'लॉयल्टी' हे जहाज विकायला आहे. नरोत्तम मोरारजी आणि इतर साथीदारांना घेऊन त्यांनी ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

ऐकायला भारी वाटतं, पण पुढचं फार कुणी सांगत नाही. १९२३ मध्ये लॉयल्टी भंगारात गेलं. त्याच वर्षी सिंदियाला बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनीशी करार करावा लागला. कुठल्या मार्गावर जहाजं चालवायची आणि किती, यावर मर्यादा आल्या. किनाऱ्यावरची वाहतूक हाताशी राहिली, पण परदेशी मार्गांचं स्वप्न मागे पडलं.

जहाज विकत घेता येतं, पण मार्ग, माल आणि सरकारचा पाठिंबा नसेल तर ते धावत नाही. हा धडा वालचंद यांना इथे मिळाला आणि पुढे प्रत्येक धंद्यात ते मुळापासून हात घालायला लागले. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ही त्याचीच उदाहरणं. ऊस, साखर कारखाना, कामगारांची वस्ती असं अख्खं गाव उभं राहिलं. लहानपणी चघळलेल्या रावळगावच्या गोळ्या त्याच साम्राज्यातल्या.

गाडीचा कारखाना म्हणजे युद्धकार्य नाही?

आता येऊ गाडीवर. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता, मागोमाग फोर्डही आली. पण तिथे गाडी बनत नव्हती. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे आणि इथे नट-बोल्ट आवळून गाडी उभी व्हायची. इंजिन परदेशी, गिअरबॉक्स परदेशी आणि नफाही परदेशी.

१९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना आखली. त्यासाठी ते युरोप-अमेरिकेत जाऊन कारखाने बघून आले. वालचंद त्यांच्या मागे उभे राहिले. मुंबई प्रांतातलं काँग्रेस सरकारही अनुकूल होतं. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. मग अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला.

इतक्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची प्रांतिक सरकारं पायउतार झाली. आता सगळं दिल्लीच्या हातात गेलं.

वालचंद यांचं म्हणणं सरळ होतं. युद्धाला ट्रक लागणार, मग ते इथेच बनवू. पण मोटार कारखान्याला युद्धासाठी गरजेचा उद्योग मानायला दिल्ली तयार नव्हती. तो शिक्का नाही म्हणजे यंत्रं आणायला परदेशी चलन नाही आणि बोटीवर जागाही नाही. सरकारच्या ट्रकच्या ऑर्डरी मात्र फोर्ड आणि जनरल मोटर्सला जात राहिल्या.

एक ऑर्डर, एक शिक्का आणि थोडे डॉलर. तेवढ्यावर गाडं अडलं आणि वर्षं वाया गेली.

विमान आणि जहाजही

याच काळात वालचंद गप्प बसले नव्हते. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानं जोडायचा कारखाना चालवत होता. हेच भारतात का नको, असा विचार वालचंद यांच्या डोक्यात आला. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झालं. आजचं एचएएल ते हेच.

इथे सरकारने परवानगी दिली, कारण विमानं त्यांना हवी होती. पण जपान जवळ आला तसं १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला.

जहाजबांधणीचंही तसंच. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. पण युद्धामुळे काम रखडलं. तिथलं पहिलं मोठं जहाज 'जलउषा' पाण्यात उतरलं १९४८ मध्ये, पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते. पुढे ही गोदीही सरकारकडे गेली.

म्हणजे विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणाऱ्यांत हा एकच माणूस. त्यातल्या दोन गोष्टी शेवटी सरकारच्या झाल्या. मोटार तेवढी त्यांच्याकडे राहिली.

कुर्ल्यातून निघालेली गाडी

१९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या आणि फार्गो ट्रक बाहेर पडायला लागले. सुरुवात त्यांनाही जोडणीनेच करावी लागली. कारण गाडीसाठी फोर्ज लागतं, फाउंड्री लागते, गिअर कापणारी यंत्रं लागतात, रबर, काच आणि बॅटरी बनवणारे लागतात. यातलं बरंचसं देशात अजून उभंच राहायचं होतं.

मोठ्या अमेरिकन गाड्या इथल्या खिशाला परवडणाऱ्याही नव्हत्या. म्हणून प्रीमिअरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली आणि छोट्या गाड्यांकडे मोर्चा वळवला.

पण वालचंद यांची तब्येत साथ देत नव्हती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आणि गंमत बघा. त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर भारत सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे इथे गाडी बनवण्याचा ठोस कार्यक्रम आहे, त्यांनीच धंदा करायचा. नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. वालचंद ज्या धोरणासाठी पंधरा वर्षं भांडले, ते आलं, पण ज्या वर्षी आलं त्याच वर्षी ते गेले.

पुढे काय झालं?

देशी भागांची सक्ती झाली तसे सुटे भाग बनवणारे कारखाने वाढत गेले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यातलं वागळे इस्टेट. पुढे डोंबिवलीतही एमआयडीसी आली. गाडीला लागणारे सपोर्टिंग पार्ट्स आता बोटीने येण्याची गरज उरली नाही.

फियाट ११०० ची पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक उघडू शकेल अशी रचना. तीच मुंबईची टॅक्सी बनली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

१९८५ मध्ये प्रीमिअरने ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची आणि आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. नावातलं एनई म्हणजे निसान इंजिन. कंपनीने इंजिन बदललं तेव्हा सोबत गिअरबॉक्सही निसानचाच बसवला, कारण एकाला धरून दुसरं बदलावं लागतं. रॅली आणि रेसिंगवाल्या पोरांनी ही गाडी उचलून धरली.

नंतर मारुती आली, बाजार उघडला आणि प्रीमिअर मागे पडली. प्युजोसोबतचा संसारही फार टिकला नाही. डोंबिवलीच्या त्या भागात आता टॉवर उभे राहतायत.

पण एचसीसी, एचएएल, विशाखापट्टणमची गोदी आणि वालचंदनगर आजही आहेत. सांगलीचं वालचंद कॉलेज दरवर्षी इंजिनिअर घडवतंय. आणि डोंबिवलीकर आजही पत्ता सांगताना प्रीमिअरचं नाव घेतात.